पोळेचा दरवाजा कोणी लावायचा?

२०२४ च्या सप्टेंबर महिन्यातील एक सकाळ. विश्वामित्रीच्या पुराचा गाळ अजून बडोद्याच्या कित्येक रस्त्यांच्या कडेला वाळत पडलेला होता. आमच्या शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या एक काकू, वय वर्षे शहात्तर, नित्याप्रमाणे देवदर्शन आटोपून साडेसहाच्या सुमारास घरी परतत होत्या. मोटारसायकलवरून दोन तरुण आले. मागे बसलेल्याने अदबीने एक पत्ता विचारला. काकू थांबल्या, हात वर करून त्यांनी वळण दाखविले, आणि पुढच्याच क्षणी गळ्यातील सोनसाखळी तुटून त्या तरुणाच्या मुठीत गेली.

मला निरोप मिळाला तेव्हा त्या आपल्या घराच्या पायरीवर बसलेल्या होत्या. मानेवर लाल वळ उमटला होता. परडीतली फुले तशीच होती. मी म्हटले, "काकू, चला, ठाण्यावर जाऊन फिर्याद देऊन येऊ." त्यांनी मान हलविली.

"नको हो नाना. फिर्याद दिली की गोष्ट पुण्याला कळेल. मग मुलगा म्हणेल, आई, आता बडोदे पुरे झाले, सामान बांध. साखळी गेली ती गेली. पण या वयात घर सोडून मी जाऊ कुठे?"

त्यांच्या या उत्तराने मी निरुत्तर झालो. चोरट्याने नेली ती दोन तोळ्यांची साखळी. पण काकूंना भीती होती ती घर गमावण्याची. आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतून ही भीती आज घरोघरी आहे. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी. मागे राहिले आहेत ते आजी-आजोबा, आणि एक प्रशस्त, अर्धे कुलूपबंद घर. बडोद्यात जे आहे तेच इंदूरला, ग्वाल्हेरला आणि हैदराबादेतही आहे. म्हणून गल्लीत घडणारी एखादी चोरी ही आपल्यापुरती केवळ पोलिसांच्या दप्तरातील बाब राहत नाही. आपल्या वडीलधाऱ्यांना आपल्या गावात निर्धास्तपणे राहता येईल की नाही, हा त्यामागचा खरा प्रश्न असतो.

पोळ म्हणजेच दरवाजा

माझे बालपण शहरातील एका पोळेत गेले. गुजरातेबाहेरच्या वाचकांसाठी सांगावयास हवे की 'पोळ' म्हणजे एकमेकांना भिंती लागून असलेल्या घरांची, एका बोळाभोवती वसलेली वस्ती. हा शब्द संस्कृत 'प्रतोली'वरून आला, आणि प्रतोलीचा अर्थच मुळी वेस, नगरद्वार. वस्तीला नाव पडले ते तिच्या दरवाज्यावरून. आत जाण्यास एकच मोठी वाट असे, तिच्या तोंडाशी जाडजूड लाकडी दरवाजा असे आणि रात्री तो बंद होई. पहारेकऱ्याचा खर्च पोळेतील घरे मिळून उचलीत. अहमदाबादेच्या पोळा सर्वत्र प्रसिद्ध आहेत. २०१७ मध्ये त्या जुन्या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात या पोळांचा वाटा मोठा. बडोद्यातही मांडवीच्या चार बाजूंना, लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाज्यांच्या आत, अशीच वस्ती वाढली. १७३४ मध्ये गायकवाडांचा अंमल येथे कायम झाल्यावर दक्षिणेतून आलेली आपली माणसे दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत वाडे बांधून राहिली आणि गुजराती शेजाऱ्यांच्या या रीतीत मिसळून गेली.

मी दरवाजा रात्री बंद झालेला कधी पाहिला नाही. माझ्या लहानपणीच त्याची एक फळी भिंतीला टेकून कायमची उभी राहिली होती. तरीही आमच्या पोळेत घरफोडी झाल्याचे मला आठवत नाही. याचे कारण दरवाज्यात नव्हते, ओट्यावर होते. दुपारी ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या बायका, संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊन बसलेले निवृत्त कारकून, रात्री जेवणानंतर शतपावली घालणारी मंडळी, अनोळखी माणूस आत शिरला की कोणीतरी सहज विचारी, "कोणाकडे जायचे आहे?" विचारण्यात हटकण्याचा सूर नसे. पाहुण्याला घर सापडे आणि भुरट्याला पाय काढता घ्यावा लागे. अमेरिकेत जेन जेकब्स या लेखिकेने १९६१ मध्ये नगररचनेवरील आपल्या गाजलेल्या ग्रंथात हेच तत्त्व मांडले: रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः तेथे राहणाऱ्या आणि वावरणाऱ्या माणसांच्या सहज नजरेमुळे, पोलीस त्याच्या नंतर येतात. आमच्या आज्यांनी तो ग्रंथ वाचला नव्हता. त्या ओट्यावर बसत असत, इतकेच.

अर्थात पोळेचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. जी नजर चोराला अडवी, तीच नजर सासुरवाशिणीला खिडकीत उभे राहू देत नसे. पोळ बहुधा एका जातीची वा एका धंद्याची असे, आणि 'आपला' कोण, 'परका' कोण, हे तेथे जन्मावरूनच ठरे. ते सारे परत यावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु एकमेकांची खबर ठेवण्याची जी रीत होती, ती मात्र आपण पोळ सोडताना तेथेच ठेवून आलो.

भिंती उंच झाल्या

सत्तरीनंतर एकेक कुटुंब बाहेर पडले. वाडे पाडून दुकाने झाली. आम्ही कारेलीबाग, मांजलपूर, अकोटा, गोत्री अशा नव्या वस्त्यांत बंगले व सदनिका घेतल्या. येथे उजेड आला, हवा आली, पाण्याचा नळ घरात आला. ओटा मात्र गेला. त्याच्या जागी आली ती कुंपणाची भिंत, तिच्यावर काचा, मग लोखंडी जाळी, आणि गेल्या काही वर्षांत भिंतीच्या कोपऱ्यावर एक कॅमेरा.

कॅमेऱ्याचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. काकूंच्या साखळीच्या तपासात पोलिसांनी सर्वांत आधी मागितले ते चौकातील तीन घरांचे चित्रण. पण त्यातल्या एका घराचा कॅमेरा मे महिन्यापासून बंद होता आणि दुसऱ्याचे तोंड मालकाच्या मोटारीकडे होते. कॅमेरा काय घडून गेले ते सांगतो. घडत असताना तो हाक मारीत नाही. त्या सकाळी रस्त्यावर ज्या अकरा घरांची दारे उघडत होती, त्यांपैकी एकाही दारात माणूस उभा नव्हता.

पहाऱ्याच्या रात्री

त्यानंतरचा महिना शहराला फार जड गेला. पुराने माणसे आधीच खचलेली. नवरात्राच्या आरंभीच शहराच्या वेशीवर भायली येथे एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाला आणि सारे बडोदे सुन्न झाले. येथील नवरात्र ज्यांनी पाहिले नसेल त्यांना याचा अर्थ कळणे कठीण. मध्यरात्री नटूनथटून, दागिने घालून, स्कूटरवरून दोघी-तिघी मुली गरबा खेळून घरी येतात, आणि आईबाप निश्चिंत झोपतात, ही या शहराची कमाई. ती कमाईच जणू कोणी हिरावून नेली होती.

त्यातच मोबाईलवरून निरोप फिरू लागले: शस्त्रे घेऊन टोळी उतरली आहे, अमुक वस्तीत काल रात्री शिरली, तमुक ठिकाणी माणूस मारला. पोलीस सांगत होते की या अफवा आहेत, त्यांवर विश्वास ठेवू नका. परंतु भ्यालेल्या मनाला खुलाशापेक्षा अफवाच अधिक खरी वाटते. आमच्या सोसायटीतही सभा भरली आणि पहारा ठरला. रात्री अकरा ते पहाटे चार. बारा-बारा जणांची पाळी. हातात काठ्या, विजेऱ्या, शिट्ट्या. मीही गेलो.

पहिल्या दोन रात्री, खरे सांगतो, आनंदाच्या गेल्या. अकरा वर्षे एका भिंतीला भिंत लावून राहणारी माणसे प्रथमच एकमेकांची नावे विचारीत होती. कोणाच्या घरून चहा येई, कोणी शेव-गाठिया आणी. मला पोळेची आठवण झाली.

तिसऱ्या रात्री अडीच वाजता एक तरुण झपझप चालत फाटकातून आत आला. हातात काळी पिशवी. शिट्टी वाजली, विजेऱ्या त्याच्या तोंडावर पडल्या. तो दचकून दोन पावले मागे सरला. ते मागे सरणेच आम्हाला पुरावा वाटले. चौघांनी त्याला धरले. "कुठला तू?" कोणीतरी दरडावले. "दाहोद," तो म्हणाला. दाहोद म्हणजे आदिवासी मुलूख. घरफोडीची बातमी आली की ज्या मुलखाचे नाव पुराव्यावाचून घेतले जाते, तो. त्याच्या गालावर एक थप्पड बसली. मागून एक काठी उचलली गेली. तो एकच धोशा लावून होता, "चौदा नंबर, चौदा नंबर."

गलबला ऐकून चौदा क्रमांकाच्या बंगल्याचे दार उघडले. तेथील वहिनी केस सावरीत धावत आल्या. "अहो, त्याला का धरलेत? ह्यांची रात्रीची शुश्रूषा करतो तो! औषध आणायला मीच पाठविले होते." पिशवीतून औषधाच्या बाटल्या निघाल्या. त्यांचे यजमान पक्षाघाताने तीन आठवडे अंथरुणाला खिळलेले होते.

आम्ही त्या तरुणाची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. पिशवी उचलून आत गेला, कारण औषधाची वेळ टळत होती. आम्हाला चोर ओळखता आला नाही, याचे मला फारसे वाटले नाही. पण तीस पावलांवरचा शेजारी तीन आठवडे बिछान्याला खिळून आहे, हे बारा पहारेकऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हते, याची मात्र लाज वाटली. आम्ही घरांचा पहारा करीत होतो आणि घरांत कोण राहते हे आम्हाला माहीत नव्हते.

वहिनींचे दार उघडले नसते तर? याचे उत्तर शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. त्याच ऑक्टोबरात आमच्याच शहराच्या वारसिया भागात चोर समजून जमावाने केलेल्या मारहाणीत एका माणसाचा मृत्यू झाला. तो चोर होता की नव्हता, हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा होता, आणि चोरीला देहान्ताची शिक्षा तर कोणतेच न्यायालय देत नाही. महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणारे समजून पाच जणांना ठार मारण्यात आले. भिक्षा मागत फिरणारे ते नाथपंथी डवरी गोसावी होते. मोबाईलवरील अफवांनी त्या वर्षी देशात ठिकठिकाणी असे बळी घेतले, तेव्हा कोठे व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास बंदी घातली.

परक्या मुलखाच्या, भटक्या जातीच्या माणसाकडे आधी बोट दाखविण्याची सवय फार जुनी आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. मनातील शिक्का पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन आपल्यापैकी अनेकांच्या संग्रही असेल. त्याला १९८८ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. याच गायकवाडांनी पुढे १९९८ मध्ये गणेश देवी आणि महाश्वेता देवी यांच्यासह विमुक्त व भटक्या जमातींच्या हक्कांसाठी गट उभारला, आणि त्या कार्याचे एक केंद्र होते आपले बडोदे. त्या बडोद्यात, त्या रात्री, 'दाहोद' हा एक शब्द ऐकून आमचा हात उठला.

याच शहराच्या दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे. मुसलमान उस्तादाच्या नावाची ही तालीम त्यांचे मराठी शिष्य प्रा. माणिकराव यांनी नावारूपास आणली, आणि आमच्या वडिलांच्या पिढीतील कित्येकांनी तेथे लाठी-लेझीम शिकली. लाठी हाती देण्यापूर्वी ती आवरावी कशी हे शिकविणारा गुरू लागतो, ही त्या तालमीची शिकवण वडिलांच्या तोंडून मी अनेकदा ऐकली होती. त्या रात्री ती आठवली, पण उशिरा.

पहारा देणाऱ्या प्रत्येकाने कायद्याच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र व बिनजामिनाचा गुन्हा करणाऱ्यास सामान्य नागरिकही धरू शकतो. मात्र त्याला विनाविलंब, आणि फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करणे बंधनकारक आहे. मारण्याचा अधिकार त्यात कोठेही नाही. आणि जात, जमात, जन्मस्थान, भाषा यांसारख्या कारणांवरून पाच वा अधिक जणांनी मिळून कोणाचा जीव घेतला, तर त्या गटातील प्रत्येकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ अन्वये जन्मठेप किंवा देहान्ताची शिक्षा होऊ शकते. "मी नुसता उभा होतो" ही सबब अशा वेळी किती टिकेल, हे ज्याने त्याने ओळखावे.

फिर्याद का द्यावी?

आता काकूंच्या नकाराकडे वळू. "फिर्याद देऊन काय होणार? साखळी थोडीच परत येणार आहे?" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे, बहुतेकांनी उच्चारलेही आहे. साखळी परत येईलच, असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. तरीही फिर्याद द्यावी, याची कारणे आहेत.

पोलिसांची गस्त, चौकी, रस्त्यावरचे दिवे हे सारे नोंदीवर ठरते. ज्या गल्लीत पाच साखळ्या गेल्या आणि एकही नोंद झाली नाही, ती गल्ली दप्तरात सुरक्षितच राहते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आपल्या वार्षिक अहवालात स्वतःच बजावतो की गुन्ह्यांत वाढ होणे आणि गुन्ह्यांच्या नोंदीत वाढ होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आकडा चढला म्हणून घाबरून जाऊ नये. कदाचित लोक पुढे येऊ लागले असतील. आणि आकडा उतरला म्हणून निश्चिंतही होऊ नये. कदाचित लोकांनी सांगणेच सोडून दिले असेल.

ठाण्यावर टाळाटाळ होते, "हद्द आमची नाही" असे सांगितले जाते, ही तक्रार जुनी आणि पुष्कळदा खरी आहे. परंतु दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविणे पोलिसांना बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात दिला आहे. नव्या संहितेच्या कलम १७३ ने तर आणखी सोय केली: गुन्हा कोठेही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यावर देता येते; ती संगणकावरून वा मोबाईलवरूनही पाठविता येते, मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. नोंदीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे लेखी पाठवावी, आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्याकडे जावे. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

गळ्यातील साखळी हिसकावणे हा आता न्याय संहितेच्या कलम ३०४ नुसार स्वतंत्र गुन्हा आहे. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्यावी: पाच हजार रुपयांहून कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र मानली जाते. तिची नोंद होते, पण दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. सायकल, नळाची तोटी, गॅसची शेगडी गेली की पोलीस धावत का येत नाहीत, याचे एक कारण हे आहे. तरी नोंद करावीच. कारण तोट्या नेणारा पुढे काय नेतो, हे अनुभवी माणसाला सांगावयास नको.

आणि वृद्धांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद: साठ वर्षांवरील व्यक्तीला किंवा कोणत्याही वयाच्या स्त्रीला साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यावर बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यावयाचे असते. काकूंना हे सांगितले तेव्हा त्यांचा निम्मा धीर परत आला. "म्हणजे मला त्या बाकावर बसावे लागणार नाही?" त्यांनी विचारले. ठाण्यावरील त्या बाकाची भीती चोराच्या भीतीइतकीच मोठी होती, हे मला तेव्हा समजले.

भिंत न ओलांडणारा चोर

आजचा सर्वांत धूर्त चोर रस्त्यावर येतच नाही. तो फोनवरून येतो. "तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, मी पोलीस अधिकारी बोलतो, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कोणाला सांगू नका," असे धमकावून तो वृद्ध माणसाला स्वतःच्याच घरात तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस डांबून ठेवतो आणि जन्माची पुंजी काढून नेतो. याला 'डिजिटल अरेस्ट' असे भारदस्त नाव त्या चोरांनीच दिले आहे. कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या आपल्या आकाशवाणी भाषणात पंतप्रधानांनीही हे स्पष्ट सांगितले. फोन ठेवून द्यावा, आणि पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी कळले तरच ती अडविता येते.

या चोराचे सारे बळ "कोणाला सांगू नका" या तीन शब्दांत आहे. ज्या घरी सकाळी दूध देणारा दोन वाक्ये बोलतो, दुपारी शेजारीण डोकावते, संध्याकाळी कोणी पत्ते खेळावयास येते, त्या घरी हे तीन शब्द फार काळ टिकत नाहीत. एकाकी घर हे त्याला उघड्या दारासारखे असते.

आम्ही काय केले

चौदा क्रमांकाच्या त्या रात्रीनंतर पुन्हा सभा झाली. काहींचे म्हणणे, पहारा आणखी कडक करावा. काहींचे, तो बंदच करावा. शेवटी ठरले ते साधे होते. काठ्या बंद. प्रत्येक घराची एक वही: घरात कोण राहते, कोण आजारी आहे, कामाला कोण येते, मुलांचे फोन क्रमांक काय. वही रखवालदाराकडे न ठेवता दोन जबाबदार गृहिणींकडे, कारण अशी माहिती चोराच्या हाती पडणे म्हणजे त्याला आमंत्रणच. गावाला जाणाऱ्याने शेजाऱ्याला व ठाण्याला कळवून जावे. आपल्या प्रवासाची छायाचित्रे मात्र परत आल्यावरच इतरांना दाखवावीत. बंद पडलेले दिवे आणि कॅमेरे यांची जबाबदारी वाटून दिली. संशय आल्यास ११२, स्त्रियांना अडचण आल्यास गुजरातेत १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७, हे क्रमांक मोठ्या अक्षरांत प्रत्येक घरी चिकटविले. आणि पहाटे देवळात जाणाऱ्या पाच-सहा वृद्धांनी एकत्र निघावयाचे ठरविले.

यापैकी कशालाही फारसे पैसे लागले नाहीत. लागला तो वेळ. आणि थोडा संकोच सोडावा लागला. अकरा वर्षे न बोललेल्या दारावर टकटक करून "आपण कसे आहात?" असे विचारणे हे रात्री काठी घेऊन उभे राहण्यापेक्षा अवघड असते, असा माझा अनुभव आहे.

काकूंनी तिसऱ्या दिवशी फिर्याद दिली. जबाब घेण्यास एक महिला पोलीस घरी आल्या. काकूंनी त्यांना चहा दिला. साखळी आजतागायत मिळालेली नाही. फिर्यादीची बातमी पुण्याला कळली आणि मुलगा दिवाळीत आला तो, अपेक्षेप्रमाणे, रिकाम्या बॅगा घेऊनच. चार दिवस राहिला. एका पहाटे तो आईबरोबर देवळात गेला. वाटेत सहा माणसे त्यांच्यात सामील झाली, परतताना चौदा क्रमांकातून रात्रपाळी संपवून निघालेला दाहोदचा तो तरुण भेटला आणि त्याने काकूंना विचारले, "बा, केम छो?"

मुलगा गेला तेव्हा बॅगा रिकाम्याच परत गेल्या. काकू अजून बडोद्यात आहेत. गळ्यात आता खोट्या मण्यांची माळ आहे, आणि कोणी पत्ता विचारला तर त्या आजही थांबून सांगतात. फक्त दोन पावले दूर उभ्या राहून.